तेल पाजलेल्या कापडाखाली मुक्काम: अठराव्या शतकाच्या कॅम्पला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

वेस्ट लफायेट हे गाव पर्ड्यू विद्यापीठामुळे मराठी मुलांना परकं नाही. इंडियाना राज्यातल्या त्याच गावात वाबॅश नदीच्या काठी १९६८ पासून 'फीस्ट ऑफ द हंटर्स मून' हा मेळा भरतो. ओहायोत सप्टेंबरमधल्या लेबर डेच्या सुट्टीत 'फेअर ॲट न्यू बॉस्टन' असतो. व्हर्जिनियात कंबरलँड गॅपजवळ मार्टिन्स स्टेशन आहे, न्यूयॉर्क राज्यात ओल्ड फोर्ट नायगरा आहे. अशा ठिकाणी अठराव्या शतकातले कपडे घालून, त्या काळच्याच सामानानिशी दोन-तीन दिवस राहणारी माणसं पाहिली की आपणही एकदा असं राहावं असं वाटतं. मग माझ्याकडे प्रश्न येतात. बंदूक कुठली घ्यावी, टोपी कुठली शोभेल, हे लोक आधी विचारतात. मी त्यांना डोक्यावरच्या कापडाचं विचारते. बंदुकीवाचून पहिला मुक्काम छान होतो. रात्रभर भिजलेला माणूस मात्र पुन्हा येत नाही.

हे कापड म्हणजे ऑइलक्लॉथ: लिनन किंवा सुती कापडाला जवसाचं तेल पाजून, सुकवून केलेलं. गंमत अशी की लिननचा धागा आणि हे तेल दोन्ही जवसाच्याच कुळातून येतात, धागा खोडातून आणि तेल बीमधून. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि कापडाच्या विणीत लवचिक थर बनून राहतं. पाणी त्यावरून ओघळून जातं. १८०३ साली अमेरिकन लष्करातल्या मेरिवेदर लुईसने फिलाडेल्फियात पश्चिमेच्या मोहिमेचं सामान जमवलं तेव्हा तंबूंसाठी लिनन घेऊन त्याला तेल पाजून घेतलं होतं. त्याआधी डॅनियल बून आणि त्याच्यासारखे शिकारी १७६०-७० च्या दशकांत महिनोन् महिने केंटकीच्या रानात राहत, तेव्हा पुढून उघडा, मागून जमिनीला टेकलेला निवारा करून समोर शेकोटी पेटवत. आपण जे करणार आहोत ते त्याच धर्तीचं आहे.

सुरू करण्यापूर्वी एकच सांगणं आहे. या कापडाचं बरंवाईट रानात ठरत नाही, घरच्या अंगणात ठरतं. तेल सुकायला तुम्ही किती वेळ देता, यावर सगळं अवलंबून आहे. सप्टेंबरच्या कॅम्पसाठी ऑगस्टमध्ये कापड हातात घेणार असाल तर या वर्षी कोणाचं तरी मागून न्या आणि तुमचं पुढच्या वर्षासाठी करा.

१. आधी काळ ठरवा

प्रत्येक कार्यक्रमाची कालमर्यादा वेगळी असते. काही १८०० पर्यंतचंच सामान चालवतात, फर व्यापाराचे मेळावे, ज्यांना 'रॉन्देव्हू' म्हणतात, ते साधारण १८४० पर्यंतचं. नियमावली मागवा आणि निवाऱ्याबद्दलचा भाग दोनदा वाचा. नवख्यांची कापडं बहुतेकदा दोन गोष्टींवर अडतात. एक, कडेला ठोकलेल्या पितळी रिंगा, म्हणजे ग्रोमेट. अठराव्या शतकाच्या पालाला त्या चालत नाहीत. दोन, हिरवा किंवा खाकी रंग, जो लष्करी सामानाच्या दुकानातून आल्यासारखा दिसतो. मळकट पांढरा, तेलाने पिवळसर झालेला किंवा गेरूचा तांबूस तपकिरी, या तीन छटांत राहिलात तर कोणी हरकत घेत नाही.

नोंदणी करतानाच जागेचं विचारा: जमीन कशी आहे, झाडं आहेत की मोकळं मैदान. झाडं नसतील तर खांब तुम्हालाच न्यावे लागतील, आणि लहान गाडीत आठ फुटी खांब मावत नाहीत.

२. विकत घ्यावं की घरी करावं?

तयार ऑइलक्लॉथ मिळतं. या कार्यक्रमांना माल घेऊन येणारे व्यापारी, ज्यांना इथे 'सटलर' म्हणतात, ते विकतात. विकत घेताना तीन प्रश्न विचारा: तेल कुठलं वापरलं, किती हात दिले, शेवटचा हात देऊन किती दिवस झाले. मग घडीचा एक कोपरा अंगठा आणि बोटात दाबून धरा आणि सोडा. कापड पटकन सुटं झालं तर ठीक. चर्र असा बारीक आवाज करत सुटलं तर आत तेल अजून ओलं आहे, घेऊ नका.

माझं मत विचाराल तर पहिलं कापड स्वतः करा. खर्च कमी येतो हे एक, पण खरं कारण असं की स्वतः केलेल्या कापडाचे कच्चे भाग कुठे आहेत ते तुम्हाला माहीत असतात. रात्री दोन वाजता पाऊस लागला की ते उपयोगी पडतं.

३. काय काय लागेल

कापडासाठी:
- घट्ट विणीचं सुती किंवा लिनन कापड. एकट्याला आठ फूट बाय आठ फूट पुरतं, दोघांना दहा बाय दहा. कापड खिडकीच्या उजेडाकडे धरा. उजेडाचे टिपके सुटे सुटे दिसले तर वीण सैल आहे.
- लिननचा दोरा, मेणाचा खडा, जाड सुई.
- 'बॉइल्ड लिन्सीड ऑइल', दीड ते दोन लिटर. बाटलीवर 'बॉइल्ड' असलं तरी आजकाल ते उकळलेलं नसतं. लवकर सुकावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. किराणा दुकानात खाण्यासाठी मिळणारं जवसाचं तेल इथे चालत नाही, ते सुकता सुकत नाही.
- टर्पेंटाइन किंवा मिनरल स्पिरिट, तेल पातळ करायला.
- गेरू, म्हणजे लाल आयर्न ऑक्साइडची पूड.
- रुंद ब्रश, नायट्रिलचे हातमोजे, घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा.

मुक्कामासाठी:
- अंबाडीची किंवा हेम्पची दोरी, दहा-बारा लाकडी किंवा घडीव लोखंडी मेखा, लाकडी हातोडा.
- दोन खांब, जागेवर झाडं नसतील तर.
- लोकरीची दोन घोंगडी, पाण्याची बादली, फावडं.

कागदपत्रं: नोंदणी स्वीकारल्याचं पत्र, सही केलेला जबाबदारीचा फॉर्म, ओळखपत्र, आरोग्यविम्याचं कार्ड, गाडीचा पास. कार्यक्रमाऐवजी सरकारी जंगलात जाणार असाल तर त्या जंगलाच्या कार्यालयाकडून मुक्कामाचे नियम आणि त्या आठवड्यात शेकोटीला बंदी आहे का, हे निघायच्या दिवशी पुन्हा विचारा. औषधं आणि फोन लाकडी पेटीत किंवा कापडी पिशवीत ठेवा. अस्सलपणाच्या हौसेपायी ती गाडीत सोडून जाऊ नका.

४. शिवण आधी, तेल नंतर

तेल लागलेल्या कापडात सुई जाते, पण प्रत्येक भोक उघडं राहतं. म्हणून सगळी शिलाई आधी संपवा.

कापड गरम पाण्यात धुवा. खळ निघून जायला हवी, नाहीतर तेल आत मुरत नाही, आणि कापड आटायचं तेवढं आत्ताच आटू द्या. दोन पट्टे जोडताना एकाची कड दुसऱ्याच्या कडेत दुमडून दुहेरी शिवण घाला, आणि ती दुमड पाल उभं राहिल्यावर खाली तोंड करून येईल असं बघा. वर तोंड असलेल्या दुमडीत पाणी साचतं आणि टाक्यांतून ठिबकतं.

चारही कोपऱ्यांना आतून तळहाताएवढे कापडाचे तुकडे लावा. कडेला दर दोन फुटांवर कापडी नाड्या शिवा, किंवा भोक पाडून भोवती काजटाका घाला. मधेच कुठे दोरी बांधायची झाली तर कापडाच्या आतून एक गुळगुळीत गोटा धरा आणि बाहेरून त्याच्या मानेभोवती दोरी आवळा. भोक न पाडता पक्की पकड मिळते, आणि रानात ही युक्ती वारंवार लागते.

५. तेल पाजणं

इथे घाई करू नका. बाकी कुठेही केलीत तरी एक वेळ चालेल.

दोन भाग तेल, एक भाग टर्पेंटाइन. त्यात गेरू घालून पातळ ताकापेक्षा किंचित दाट होईल इतपत ढवळा. गेरूचा उपयोग रंगापुरता नाही. ती पूड विणीतली बारीक छिद्रं भरते आणि ऊन अडवते. उन्हाने तेलाचा थर कडक होऊन तडकतो, तो गेरूमुळे जास्त टिकतो. जुन्या कृतींत तेल लवकर सुकावं म्हणून मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचा ऑक्साइड, घालायला सांगितलेलं असतं. ते विष आहे. अस्सलपणासाठी सुद्धा ते घरात आणू नका.

कापड दोन झाडांमध्ये किंवा लाकडी चौकटीवर ताणून उभं बांधा. सावली हवी आणि वारं खेळतं हवं. ब्रश जवळजवळ कोरडा वाटेल इतकंच तेल घ्या आणि चोळून चोळून कापडात मुरवा. पहिला हात दिल्यावर कापड डागाळलेलं, कुठे गडद कुठे फिकं दिसेल. तसंच दिसतं. ते डाग भरून काढायला पुन्हा ब्रश फिरवू नका, तो दुसऱ्या हाताचा विषय आहे.

जाड हात दिला की काय होतं ते नीट समजून घ्या, कारण बहुतेक कापडं इथेच वाया जातात. वरचा थर हवेला लागून आधी सुकतो आणि तापलेल्या दुधावर साय धरावी तसा सुरकुततो. त्या सुरकुत्यांखालच्या तेलाला हवा मिळत नाही, म्हणून ते महिनोन् महिने चिकट राहतं. असं कापड घडी केलं की स्वतःलाच चिकटतं, उलगडताना साल निघतं आणि पुढच्या थंडीत त्याच रेषांवर तडकतं. यावर उपाय नाही, म्हणून तीन पातळ हात द्या. दोन हातांच्या मधे आठवडा जाऊ द्या. हवा दमट असेल तर दोन आठवडे.

तिसऱ्या हातानंतर महिनाभर कापड उलगडलेलं, टांगलेलं ठेवा. मग परीक्षा घ्या: एक कोपरा दुमडा, वर चार जाड पुस्तकं ठेवा, रात्रभर राहू द्या. सकाळी आवाज न करता सुटला तर कापड तयार. चिकटला तर आणखी दोन आठवडे टांगा. तेलाचा वास मात्र कापड तयार झाल्यावरही बराच काळ राहतो, त्यावरून काही ठरवू नका.

पुण्या-नागपूरकडे बसून कोणी हे करून पाहणार असेल तर साहित्य सोपं आहे. घट्ट विणीचा मांजरपाट घ्या, रंगाच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' जवस तेल मागा. काम होळीनंतर काढा आणि मे संपण्यापूर्वी संपवा. पावसाळ्यात तेल सुकत नाही आणि कापडावर बुरशी येते.

६. तेलाच्या चिंध्या

जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं. ताणलेल्या कापडावर ती हवेत निघून जाते. पण तेल पुसलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर उष्णता आतच साठते आणि काही तासांत बोळा आपोआप पेटतो. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. फेब्रुवारी १९९१ मध्ये फिलाडेल्फियातल्या 'वन मेरिडियन प्लाझा' या ३८ मजली इमारतीला लागलेली आग अशाच जवस तेलाच्या चिंध्यांतून सुरू झाली होती. तिच्यात अग्निशमन दलाचे ३ जवान गेले.

म्हणून काम संपताक्षणी, हात धुण्याच्याही आधी, प्रत्येक चिंधी पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा. नाहीतर अंगणात दगडी फरशीवर एकेक सुटी पसरून कडक होईपर्यंत वाळवा. अर्धवट सुकलेल्या कापडालाही हाच धोका आहे. ते घडी करून गॅरेजमध्ये किंवा गाडीच्या डिकीत कधीही ठेवू नका.

७. जागा निवडणं

आधी वर बघा. वाळकी फांदी डोक्यावर असेल तर ती जागा कितीही सुंदर असली तरी सोडा. मग खाली बघा: गवत एकाच दिशेला झोपलंय का, पानांचा कचरा रेषेत साचलाय का? तिथून पावसाचं पाणी वाहतं. किंचित उंचवटा घ्या, डोकं चढाकडे करा.

पालाभोवती चर खणायची सवय ऐतिहासिक जागी आवरा. जमिनीखाली पुरातत्त्वाचे अवशेष असतात, आणि बहुतेक ठिकाणी परवानगीशिवाय खणायला मनाई असते.

८. पाल उभं करणं

तीन तऱ्हा शिकलात तर सगळं भागतं.

एकपाखी: मागची कड जमिनीला मेखांनी ठोका, पुढची कड दोन झाडांमधल्या दोरीवर किंवा दोन खांबांवर उचला. समोर शेकोटी ठेवून राहायला हीच तऱ्हा उत्तम. पाठ वाऱ्याकडे हवी. उतार ४५ अंशांपेक्षा कमी ठेवू नका. पसरट पाखं जास्त जागा देतं, पण पाणी त्यावर थबकतं आणि मधे पोट सुटतं.

दुपाखी: मधे दोरीचं आढं, दोन्ही बाजू जमिनीला. वारा दिशा बदलत असेल, पाऊस तिरका असेल तेव्हा ही. आढं कमरेएवढंच ठेवा. उंच पालात वारा शिरतो.

कोपऱ्यावर टांगलेलं: एक कोपरा झाडाला छातीच्या उंचीवर बांधा, समोरचा कोपरा वाऱ्याच्या दिशेने जमिनीला ठोका, उरलेले दोन बाजूंना ताणा. एकटा माणूस पाच मिनिटांत हे उभं करतो. नवख्याने अंधार पडायच्या आत येऊन पहिली रात्र याच तऱ्हेने काढावी असं मला वाटतं.

मेख पालापासून बाहेर झुकवून ठोका, म्हणजे ओढ लागल्यावर ती निघत नाही. आणि नायलॉनला सरावलेल्यांना एक गोष्ट ठाऊक नसते: हेम्पची दोरी भिजली की आखडते. संध्याकाळी ताणून बांधलेली दोरी रात्रीच्या पावसात इतकी आवळते की मेख उपटते किंवा नाडी फाडते. झोपण्यापूर्वी प्रत्येक दोरी दोन बोटं सैल करा. सकाळी ऊन पडून दोऱ्या वाळल्या की पुन्हा ताण द्या.

पाऊस पडत असताना कापडाला आतून खांदा किंवा पाठ घासू नका. पातळ राहिलेल्या भागावर त्या दाबानेच पाणी आत झिरपायला लागतं.

९. शेकोटी

कापड तेलाचं आहे, ते जळतं, हे मनात पक्कं असू द्या. पुढच्या कडेपासून शेकोटी निदान सहा ते आठ फूट लांब हवी. ओक आणि हिकरीची लाकडं शांत जळतात. पाइन, हेमलॉक, सीडर तडतडतात आणि निखारे उडवतात, ती पालासमोर नकोत. वारा फिरून धूर आत यायला लागला तर ठिणग्याही येणार, तेव्हा शेकोटी लहान करा किंवा विझवा. पाण्याची भरलेली बादली पालापुढे ठेवणं बहुतेक कार्यक्रमांत सक्तीचं असतं. नसलं तरी ठेवा. मेणबत्ती पालात न्यायची तर बंद कंदिलात, आणि झोपण्यापूर्वी ती विझवा.

शेकोटीसाठी जमीन खणायची परवानगी असेल तर गवताची लादी मुळांसकट उचला, सावलीत ठेवून तिच्यावर रोज पाणी शिंपडा आणि निघताना राख पूर्ण थंड करून ती जागच्या जागी बसवा.

१०. अंथरूण

खाली गवताचा पेंढा, त्यावर ऑइलक्लॉथचा लहान तुकडा, त्यावर घोंगडी. पेंढा बऱ्याच कार्यक्रमांत आयोजक देतात. थंडी वरून लागते त्यापेक्षा जमिनीतून जास्त लागते, म्हणून दोन घोंगड्यांपैकी जाड ती खाली घ्या. लोकर ओलसर झाली तरी ऊब धरते, सुती चादर धरत नाही. नव्या कापडाचा गेरू पहिल्या एक-दोन मुक्कामांत घोंगडीला लागतो, तेव्हा चांगली घोंगडी कापडाला टेकवू नका.

या पालाला तळ नाही की जाळी नाही. या सगळ्या राज्यांत गोचीड आहेत आणि त्यांच्यामुळे 'लाइम' नावाचा आजार होतो. कपडे आणि मोजे आधीच परमेथ्रिन या कीटकनाशकाने फवारून वाळवून न्या, आणि रोज रात्री काखा, गुडघ्यांची मागची बाजू, केसांची कड तपासा. मुलं बरोबर असतील तर त्यांची तपासणी आधी.

११. आवरणं आणि ठेवणं

निघायच्या दिवशी सकाळी कापड उन्हात पालथं घालून दोन्ही बाजूंनी वाळू द्या. पावसातच आवरावं लागलं तर घरी पोचल्यावर त्याच दिवशी टांगा. ओल्या घडीत दोन-तीन दिवसांत काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत.

घडी घालण्यापेक्षा जुन्या चादरीसकट सैल गुंडाळी करा, म्हणजे थर एकमेकांना लागत नाहीत. शंका असेल तर टाल्कम पावडर भुरभुरा. थंड, हवेशीर जागी ठेवा. कडाक्याच्या थंडीत गुंडाळी एकदम उलगडू नका, घरात थोडी गरम होऊ द्या, नाहीतर थर तडकतो.

हंगाम संपला की कापड उन्हाकडे धरा आणि टाचणीएवढी भोकं दिसतील तिथे खडूने खूण करा. लहान भोकांवर मेणाचा खडा घासून बोटाने दाबा. नखाएवढ्या फाटीला आतून त्याच कापडाचा तुकडा शिवा आणि वरून तेलाचा पातळ हात द्या. पूर्ण कापडाला नवा हात कापड फिकट, खरखरीत वाटायला लागेल तेव्हाच. तोही एकच, आणि पुढचा महिना ते टांगलेलं राहील अशा बेताने.